डीसी लोडला एसएसआर जोडताना: २४ व्होल्टचा पंप, डायोड, फ्यूज आणि बाकी भानगडी

ठिबकवाला

कंट्रोल पॅनल बांधायला घेण्याआधी शंका फेडून घ्याव्यात म्हणून हा धागा. मांडणी अशी आहे.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट, आठ सेलची, २५.६ व्होल्ट १०० अँपिअर-तास. पूर्ण भरली की २९.२ व्होल्टपर्यंत जाते. पंप ब्रशवाला डीसी, पाटीवर २४ व्होल्ट २५० वॅट. पॅनल बॅटरीशेजारी, पंप तिथून १२ मीटरवर. शिवाय ठिबकच्या दोन लाइनींना दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह, २४ व्होल्ट डीसी, प्रत्येकी २० वॅट. हुकूम देणार ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड).

पंपासाठी एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे हलते भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरायचा विचार आहे. बाजारात ४० अँपिअरचे दोन दिसतात, एकावर शेवटी ‘डीए’ आणि दुसऱ्यावर ‘डीडी’. दिसायला जुळे भाऊ. डीए कुठेही मिळतो आणि स्वस्तही पडतो. तो चालेल का? आउटपुटच्या + आणि − ला नेमकं काय जोडायचं? डायोड लागतो म्हणतात तो कुठला आणि कुठे? हीटसिंक लागेल का?

गेट_सोर्स

डीए नाही चालणार. पहिलं अक्षर इनपुटचं, दुसरं आउटपुटचं. डीए म्हणजे डीसीने चालू करायचा आणि एसी लोड हाताळायचा. डीडी म्हणजे दोन्हीकडे डीसी.

डीएच्या पोटात ट्रायॅक किंवा एकमेकांना उलटे जोडलेले दोन एससीआर असतात, म्हणजे एसीसाठीचे इलेक्ट्रॉनिक स्विच. हे एकदा चालू झाले की गेटचा (हुकमाच्या टोकाचा) करंट काढून घेतला तरी बंद होत नाहीत. त्यांच्यातून वाहणारा करंट जवळजवळ शून्यावर आला तरच सुटतात. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ एसीत तो सेकंदाला शंभर वेळा आपसूक शून्यावर येतो. बॅटरीच्या करंटला शून्य कुठलं? इनपुटचा दिवा विझेल आणि पंप फिरतच राहील, बॅटरी तोडेपर्यंत.

बहुतेक डीए ‘झीरो क्रॉस’ जातीचे असतात, म्हणजे लोडचं व्होल्टेज शून्याच्या आसपास असतानाच चालू व्हायला तयार. ही खिडकी साधारण १५ ते ३५ व्होल्टची असते. त्यामुळे २४ व्होल्ट डीसीवर एखादा चालू होतो, शेजारचा होत नाही, आणि ११० व्होल्ट डीसीवर बहुतेक होतच नाहीत. ‘कधी चालतो, कधी नाही’ ही तक्रार ऐकली की आधी स्टिकर वाचावं.

डीडी घ्या, पण त्यावरचं आउटपुट व्होल्टेजही बघा. स्वस्तातल्या डीडीवर ५ ते ६० व्होल्ट डीसी असं छापलेलं असतं, काहींवर २०० किंवा २२०. तुमची बॅटरी २९.२ ला जाते, त्यामुळे ६० वाला चालेल, मात्र डायोड हवाच. ४८ व्होल्टच्या बॅटरीला ६० वाला घेऊ नये. सोळा सेलची लिथियम पूर्ण भरली की ५८.४ व्होल्ट होते, मग लोड तोडतानाच्या व्होल्टेजच्या झटक्यासाठी जागाच उरत नाही. तिथे १०० किंवा २०० व्होल्टचाच.

पॅनलवाली

आउटपुटच्या + आणि − बद्दल. सगळ्यात महाग चूक इथेच होते. ही दोन टोकं म्हणजे सप्लाय घ्यायची जागा नव्हे. आउटपुटच्या १ (+) ला बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि २ (−) ला बॅटरीचा निगेटिव्ह लावला, तर हुकूम मिळताक्षणी एसएसआर बॅटरी सरळ शॉर्ट करतो. १ आणि २ ही एका स्विचची दोन टोकं आहेत. चिन्हं एवढंच सांगतात की करंट + मधून आत शिरणार आणि − मधून बाहेर पडणार.

तुमच्या पंपाची वाट:

बॅटरी + → फ्यूज → हाताने तोडायचा स्विच → एसएसआर १ (+)
एसएसआर २ (−) → पंप +
पंप − → निगेटिव्ह बसबार → बॅटरी −

इनपुट वेगळं: ३ (+) आणि ४ (−). एसएसआरच्या नेहमीच्या चौकोनी विटेवर आकडे असेच असतात, तरी कंपनीगणिक बदलू शकतात. स्टिकर वाचूनच वायर लावायची.

आउटपुट उलटं लागलं तर काय होतं तेही सांगते. डीडीत मॉसफेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) असतो आणि त्याच्या अंगातच एक डायोड असतो. १ आणि २ ची अदलाबदल झाली की करंट त्या डायोडमधून हुकमाविनाच वाहतो. बॅटरी जोडली की पंप सुरू, ईएसपी३२ ला वीज असो वा नसो. आणि डायोडवर पाऊण ते एक व्होल्ट पडतो, म्हणजे १० अँपिअरला ८-१० वॅटची उष्णता. एसएसआर तापून मरतो आणि लोक म्हणतात पीस खराब होता.

वायरचा हिशेब: २५० वॅट भागिले २४, म्हणजे साधारण १०.५ अँपिअर. जाऊन-येऊन २४ मीटर तांबं. २.५ स्क्वेअर एमएम घेतली तर पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात, ४ ला सुमारे १.१ आणि ६ ला पाऊण व्होल्ट. ६ घ्या. टोकांना क्रिंप केलेले रिंग लग लावा. मल्टिस्ट्रँड वायरचं टोक सोल्डरने भरून स्क्रूखाली दाबायचं नाही. सोल्डर दाबाखाली हळूहळू बसतं, स्क्रू सैल होतो आणि मग तिथेच जळतं.

ठिबकवाला

धन्यवाद ताई. इंटरनेटवरच्या बऱ्याच आकृत्यांत लोड आधी आणि एसएसआर नंतर, म्हणजे निगेटिव्हच्या बाजूला दाखवलाय. दोन्ही चालतं का? आणि ईएसपी३२ चा ग्राउंड बॅटरीच्या निगेटिव्हला जोडायचा की नाही?

तांबेतार

विजेच्या दृष्टीने दोन्ही चालतं, कारण इनपुट आणि आउटपुट यांच्यात उजेडाचाच पूल आहे, तारेचा नाही. निगेटिव्हच्या बाजूला लावायचा तर बॅटरी + → फ्यूज → पंप → एसएसआर १, आणि २ → बॅटरी −. एसएसआरच्या + मधून करंट आत, हा नियम तिथेही तोच.

तरी पंपासाठी पॉझिटिव्ह बाजूच बरी. निगेटिव्ह तोडलात तर पंप बंद असतानाही त्याच्या दोन्ही वायरींवर २४ व्होल्ट उभे असतात. ओल्या जागेत इन्सुलेशन कुठे सोललं तर धातूच्या बॉडीतून, पाइपातून किंवा लेव्हल सेन्सरच्या शील्डमधून करंटला निगेटिव्हकडे परतायला चोरवाट मिळते. मग एसएसआर बंद असूनही पंप हळूहळू फिरतो किंवा सेन्सरची केबल तापते. ट्रॅक्टर, ट्रक, बोट अशा ठिकाणी, जिथे बॉडीच निगेटिव्ह असते, निगेटिव्ह तोडायचा विचारही नको.

ईएसपी३२ चा बक कन्व्हर्टर (बॅटरीचं व्होल्टेज ५ वर उतरवणारा) त्याच बॅटरीवर असेल तर ग्राउंड आधीच एक झालेला आहे, कारण साध्या बक कन्व्हर्टरमध्ये आयसोलेशन नसतं. फक्त एक पाळा: कन्व्हर्टरची निगेटिव्ह वायर थेट बसबारवरून स्वतंत्र आणा. पंपाच्या परतीच्या वायरीतून मधेच टॅप घेतलात तर पंप सुरू होताना ईएसपी३२ चा ग्राउंड उचलला जातो आणि तो रीसेट होतो.

गेट_सोर्स

आता डायोड. मोटर आणि कॉइल करंट एकदम तोडू देत नाहीत. एसएसआर बंद झाला की कॉइल स्वतःचं व्होल्टेज वाढवत नेते, कशीही वाट काढते. वाट दिली नाही तर ते १०० व्होल्टच्याही पार जातं आणि ६० व्होल्टचा मॉसफेट फुटतो. बहुधा शॉर्ट होऊनच फुटतो, म्हणजे पंप कायमचा चालू.

डायोड पंपाला समांतर आणि उलटा: पट्टीची बाजू (कॅथोड) पंपाच्या +, म्हणजे एसएसआर २ कडे. बिनपट्टीची बाजू निगेटिव्ह बसबारला. सरळ लावलात तर चालू करताच शॉर्ट. जागा पॅनलमध्येच ठेवा, एसएसआर २ आणि निगेटिव्ह बसबारमध्ये, म्हणजे पंपाकडे जाणाऱ्या १२ मीटर केबलचं इंडक्टन्सही त्याच वाटेने रिकामं होतं.

१एन४००७ इथे नको, तो १ अँपिअरचा. तोडतानाचा पूर्ण करंट त्या क्षणी डायोडमधून जातो. इथे १०.५, आणि पंप अडकलेला असताना तोडला तर त्याच्या कितीतरी पट. १५ अँपिअरचा एमयूआर१५६० चांगला. टू-२२० पॅकेज असल्याने हीटसिंकवर लावताना मायका विसरू नका, त्याचं टॅब कॅथोडला जोडलेलं असतं. तो नसेल तर ३५ अँपिअरचा चौकोनी ब्रिज, केबीपीसी३५१०, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला हमखास मिळतो. त्याची + टॅब पंपाच्या + ला, − टॅब निगेटिव्ह बसबारला, एसीच्या दोन टॅब मोकळ्या. आत दोन-दोन डायोड सिरीजमध्ये येतात, एक व्होल्ट जास्त पडतो, इथे त्याचं काही बिघडत नाही. धातूची बॉडी, मधे स्क्रूचं भोक, स्पेड टॅब. पॅनलसाठी याहून सोयीचं काही नाही, आणि चिन्हं जशीच्या तशी जुळत असल्यामुळे उलटं लागायची शक्यताही कमी.

दुसरा झटका सप्लायच्या बाजूचा. बॅटरी ते एसएसआर ही वायरही थोडी कॉइलच असते, मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री. तुमची बॅटरी शेजारीच आहे म्हणून फारसं नाही, पण बॅटरी लांब असेल तर पंपावरचा डायोड याला पुरत नाही. एसएसआरच्या १ आणि २ वर थेट एक टीव्हीएस (व्होल्टेजचा झटका गिळणारा) डायोड लावा: १.५केई३६ए, कॅथोड १ कडे. हा ३०.८ व्होल्टपर्यंत गप्प बसतो, म्हणजे तुमच्या २९.२ ला चालतो, आणि पूर्ण दणक्यात सुमारे ५० व्होल्टवर पकडतो. म्हणजे ६० वाला एसएसआर वाचतो.

खटका

एवढा सगळा डोलारा कशाला? २४ व्होल्टचा ट्रकवाला रिले घ्या, कॉइलवर एक डायोड, काम फत्ते. दिवसातून चार वेळा चालू-बंद होणाऱ्या पंपाला एसएसआर ही हौस आहे.

गेट_सोर्स

@खटका, दिवसाला चार वेळा असेल तर तुमच्याशी सहमत. फक्त रिलेची पाटी नीट वाचावी. ‘१० अँपिअर’ असं ठळक लिहिलेलं असतं ते २५० व्होल्ट एसीला. डीसीचा आकडा त्याखाली बारीक अक्षरात, आणि तो बहुधा २८ किंवा ३० व्होल्टपर्यंतचाच. डीसीत ठिणगी आपोआप विझत नाही, मोटर तोडताना आणखी ताणली जाते, आणि पॉइंट चिकटतात. ४८ व्होल्टवर तर हा आकडा झपाट्याने खाली येतो. तापमान राखायला मिनिटाला दोनदा चालू-बंद होणारा हीटर असेल, धूळ किंवा गॅस असेल, तर एसएसआर. चार वेळाच चालणारा पंप असेल तर ४० अँपिअरचा २४ व्होल्टी ऑटो रिले, मोटरवर तोच डायोड. दोन्ही योग्य.

ठिबकवाला

दाबावर पंप चालू-बंद होणार आहे, टाकी छोटी आहे. दिवसाला शे-दीडशे वेळा तरी. म्हणून एसएसआर. व्हॉल्व्हसाठीही डीडीच घेऊ का? आणि डायोड लावला की व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो असं वाचलंय.

तांबेतार

उशिरा होतो, खरं आहे. डायोडवर पाऊण व्होल्टच पडतो म्हणून कॉइलमधली शक्ती सावकाश जिरते, व्हॉल्व्ह सुटायला काही मिलिसेकंद ते काही दशक मिलिसेकंद जास्त लागतात. ठिबकला त्याने शून्य फरक पडतो. मोटरचा ब्रेक किंवा हायड्रॉलिक सिलिंडरचा व्हॉल्व्ह असेल तिथे मात्र ही ढिलाई महागात पडते. तिथे डायोडच्या सिरीजमध्ये एक झेनर किंवा टीव्हीएस उलटा टाकतात. पण मग एसएसआरवर सप्लाय अधिक झेनर एवढं व्होल्टेज येतं: २४ च्या सप्लायला पन्नासवर पकडणारा टीव्हीएस म्हणजे एकूण ७४. ६० वाला एसएसआर तिथेच गेला. १०० वाला लागतो.

पाऊण अँपिअरच्या व्हॉल्व्हला ४० अँपिअरची वीट लावण्यात अर्थ नाही. आयआरएलझेड४४एन हा लॉजिक लेव्हल मॉसफेट निगेटिव्ह बाजूला, गेटला १०० ओहम, गेट ते सोर्स १० किलोओहम, व्हॉल्व्हच्या कॉइलवर १एन४००७. कॉइल बॉडीपासून वेगळी असते म्हणून इथे निगेटिव्ह तोडलेला चालतो. ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टवर तो पूर्ण उघडत नाही, पण एक अँपिअरच्या आत थंडच राहतो. नावातला ‘एल’ बघून घ्या. आयआरएफझेड४४एन दिला तर ३.३ व्होल्टवर तो अर्धवट उघडेल आणि तापेल.

पॅनलवाली

एसएसआरच्या इनपुटबद्दल. स्टिकरवर ३ ते ३२ व्होल्ट असतं म्हणून लोक ईएसपी३२ ची पिन सरळ ३ ला लावतात. पिनवर लोड आल्यावर ३.३ चे ३.१ च्या आसपास राहतात. चालतं, पण काठावर. काही कंपन्यांचे डीडी ३.५ व्होल्टपासून सुरू होतात, ते चालणारच नाहीत. अर्धवट उजेड म्हणजे अर्धवट उघडलेला मॉसफेट, आणि तो जळायला वेळ लागत नाही.

मधे बीसी५४७ ट्रान्झिस्टर टाका. ईएसपी३२ ची पिन → १ किलोओहम → बेस. बेस ते ग्राउंड १० किलोओहम. एमिटर ग्राउंडला. कलेक्टर एसएसआर ४ ला. एसएसआर ३ ला बक कन्व्हर्टरचे ५ व्होल्ट. १० किलोओहमचा रेझिस्टर गाळू नका, तो नसेल तर बूट होताना पिन लोंबकळते आणि पंप एक धक्का खातो.

पिन निवडताना २५, २६, २७, ३२, ३३ यांपैकी घ्या. ०, २, ५, १२, १५ या बूटच्या पिना आहेत, त्यांच्यावर सुरुवातीला हालचाल असते. ३४ ते ३९ फक्त इनपुट, त्यांच्यातून काहीच बाहेर पडत नाही.

आणखी एक, दाबाचा स्विच इलेक्ट्रॉनिक असेल तर. दोन वायरींचा डीसी सेन्सर बंद असतानाही थोडा करंट गळतो, १ मिलिअँपपर्यंत. तो थेट एसएसआरच्या इनपुटच्या सिरीजमध्ये लावला तर एसएसआर नीट बंद होत नाही, कारण बंद व्हायला इनपुट साधारण १ व्होल्टच्या खाली जावं लागतं. इनपुटला समांतर १ किलोओहम लावा. २४ व्होल्टवर त्यात ०.६ वॅट जळतात, म्हणून २ वॅटचा रेझिस्टर. तीन वायरींच्या पीएनपी सेन्सरला याची सहसा गरज पडत नाही.

उष्णताशोषक

हीटसिंकचा प्रश्न राहिला. लोडवर चालू असताना मल्टिमीटर १ आणि २ वर ठेवा, जे व्होल्टेज दिसेल त्याला करंटने गुणा, तेवढे वॅट. स्टिकरवरचे ४० अँपिअर विसरा, तो आकडा मोठ्या हीटसिंकवरचा असतो.

चांगल्या मॉसफेटवर १०.५ अँपिअरला ०.३ ते ०.४ व्होल्ट, म्हणजे ४ वॅटच्या आसपास. जाडसर अॅल्युमिनियमच्या पट्टीवर कंपाउंड लावून बसवला तरी भागतं. पण स्वस्त डीडीत डार्लिंग्टन ट्रान्झिस्टरही निघतो, त्यावर १.३ व्होल्ट पडतात. १३.६ वॅट झाले. वॅटमागे २ अंश चढणाऱ्या हीटसिंकवर २७ अंशांची वाढ. विदर्भात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश, उन्हातल्या बंद डब्यात ५५ धरा. विटेचा तळ ८२ ला गेला. बहुतेक स्वस्त विटांची मर्यादा ८० अंश असते.

मॉसफेट आहे की डार्लिंग्टन ते घरीच कळतं. लोड म्हणून ट्रकचा २४ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लावा, करंट ०.९ अँपिअरच्या जवळ. चालू असताना १-२ वर काही दशक मिलिव्होल्ट दिसले तर मॉसफेट. इतक्या कमी करंटलाही पाऊण-एक व्होल्ट दिसला तर डार्लिंग्टन किंवा आयजीबीटी. तो पंपाला नको, व्होल्टेजही खातो आणि तापतोही.

कंपाउंडचा थर पातळ, खालची धातूची बाजू पूर्ण टेकलेली, हीटसिंकच्या फिन उभ्या. आडव्या लावलेल्या फिनमधून हवा वर चढत नाही.

गेट_सोर्स

बल्बचा विषय निघालाच आहे तर पंप जोडण्याआधीची तपासणी लिहून टाकतो.

एसएसआर सुटा असताना मल्टिमीटर डायोडवर. लाल वायर २ वर, काळी १ वर: अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा, हा अंगातला डायोड. वायरी उलटवल्या की ‘ओएल’. दोन्हीकडे ‘ओएल’ आलं तर पोटात बहुधा ट्रायॅक आहे, स्टिकरवर काहीही लिहिलेलं असो. दोन्हीकडे शून्य म्हणजे आधीच गेलेला.

मग पंपाच्या जागी बल्ब. इनपुटला ५ व्होल्ट द्या, बल्ब पेटला पाहिजे. काढा, लगेच विझला पाहिजे. विझला नाही तर डीए गळ्यात मारलाय.

लोड न लावता २ आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधलं व्होल्टेज मोजून ‘बंद होत नाही’ म्हणू नका. बंद असतानाही किंचित गळती असते, मल्टिमीटरचा करंट त्याहून कमी, म्हणून पूर्ण २४ व्होल्ट दिसतात. छोटा एलईडी दिवा लोड म्हणून लावला तरी मिणमिणतो. तो दोष नव्हे.

सौरपंप_नवखा

मधेच विचारतो. माझा पंप बीएलडीसी (बिनब्रशचा डीसी) आहे, २४ व्होल्ट, सोबत कंट्रोलरचा डबा. त्याच्या आधी डीडी लावू का?

तांबेतार

नका लावू. त्या डब्याच्या इनपुटला मोठे कपॅसिटर असतात. दर वेळी चालू करताना ते रिकाम्या अवस्थेतून भरतात आणि त्या क्षणाचा करंट फक्त वायरीचा रेझिस्टन्स रोखतो. शंभर अँपिअरच्या वर सहज जातो. डब्यावर बहुतेक वेळा फ्लोट स्विच किंवा ‘रिमोट’ची दोन टर्मिनल असतात. तिथे बारीक करंट असतो, एक साधा छोटा रिले पुरतो. डबा कायम सप्लायवर, चालू-बंद फक्त त्या टर्मिनलवरून. उलट जोडणीचा धोकाही टळतो.

सौरपंप_नवखा

वा, दोन टर्मिनल आहेत, आत्तापर्यंत मोकळीच होती. अजून एक: बॅटरी आणि चार्जर-इन्व्हर्टर यांच्यामध्ये एक डीडी टाकून बॅटरी ‘तोडता’ येईल का?

गेट_सोर्स

एका डीडीने नाही. त्या वायरीत करंट दोन्ही दिशांनी जातो. डीडी एकाच दिशेला अडवतो, उलट दिशेने अंगातला डायोड उघडाच. डिस्चार्ज तुटेल, चार्जिंग डायोडमधून सुरूच राहील, आणि तेही एक व्होल्ट जाळत. दोन डीडी पाठीला पाठ लावावे लागतात: पहिल्याचा − दुसऱ्याच्या − ला, दोन्ही + बाहेर, दोन्ही इनपुट एकत्र. चांगल्या बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) हेच केलेलं असतं, फक्त मॉसफेट बरेच जास्त. मोठ्या करंटला डीसी कॉन्टॅक्टर घ्या, तो जास्त सरळ मार्ग.

दोन डीडी समांतर लावून अँपिअर दुप्पट करायची कल्पनाही सोडून द्या. जो आधी चालू होतो तो काही क्षण पूर्ण भार एकटा घेतो.

ठिबकवाला

पंप हळू सुरू व्हावा म्हणून एसएसआरला पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणारा हुकूम) दिला तर?

गेट_सोर्स

नाही. आतला ऑप्टो (उजेडाने हुकूम पोचवणारा भाग) मॉसफेटचं गेट सावकाश भरतो. चालू-बंद व्हायला काहींना काही मिलिसेकंद लागतात. शंभर-पाचशे हर्ट्झवर तो बहुतेक वेळ अर्धवट उघडाच राहील आणि तिथेच सगळी उष्णता. सेकंदाला एकदा-दोनदा, हीटरसाठी, ठीक. मोटरच्या हळू सुरुवातीला गेट ड्रायव्हरवाला मोटर कंट्रोलर वेगळा येतो. तुमच्या २५० वॅटला त्याची निकड नाही. सुरुवातीचा धक्का चालू करंटच्या पाच-सहा पट धरा, ५०-६० अँपिअर, पाव सेकंदाच्या आत ओसरतो. १०.५ अँपिअरच्या पंपाला ४० चा एसएसआर सुचवतात तो याचसाठी.

पॅनलवाली

सुरक्षेचं कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून. एसएसआर मरतो तेव्हा बहुतेक वेळा चालू स्थितीत मरतो. फ्यूज उडत नाही, कारण करंट नेहमीचाच असतो. पंप चालू राहतो, टाकी ओसंडते किंवा विहीर आटली तर पंप कोरडा फिरून सील जळतं. म्हणून सिरीजमध्ये एक यांत्रिक तोडणारा हवाच. एसएसआरच्या आधी ४० अँपिअरचा ऑटो रिले टाका. तो एरवी कायम चालू, लोडवर तोडायची पाळी फक्त संकटात. त्याची कॉइल फ्लोट स्विच आणि आपत्कालीन बटण यांच्या सिरीजमधून थेट २४ व्होल्टवर, ईएसपी३२ ला वळसा घालून. सॉफ्टवेअर अडकलं तरी टाकी भरल्यावर पंप थांबतो.

जमलं तर नजर ठेवायलाही शिकवा: पंपाच्या + वरून ४.७ किलोओहम, अर्धा वॅट, त्यातून पीसी८१७ या ऑप्टोचा एलईडी, निगेटिव्हला. ट्रान्झिस्टरची बाजू ईएसपी३२ च्या इनपुटला, पुलअपसह. हुकूम बंद आणि तरी २४ व्होल्ट दिसत असतील तर एसएसआर शॉर्ट, फोनवर निरोप. बंद केल्यावर एक-दोन सेकंद थांबून वाचा, कारण थांबता थांबता मोटर स्वतःच थोडं व्होल्टेज काढते.

ठिबकवाला

मग यादी अशी: ४० अँपिअर डीडी (डायोड आणि बल्ब तपासणी करून), ब्रिज केबीपीसी३५१०, टीव्हीएस १.५केई३६ए, बीसी५४७ आणि दोन रेझिस्टर, व्हॉल्व्हसाठी दोन आयआरएलझेड४४एन आणि दोन १एन४००७, ४० अँपिअरचा ऑटो रिले, पीसी८१७, ६ स्क्वेअर एमएम वायर, हीटसिंक. फ्यूजच्या जागी घरात असलेला ३२ अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी पॅनलमध्ये. बरोबर?

पॅनलवाली

एमसीबी सोडून सगळं बरोबर. घरातला एमसीबी एसीचा. डीसीची ठिणगी विझवायची त्याची खात्री नाही, आणि तो पॅनलमध्ये आहे म्हणजे बॅटरी ते पॅनल ही वायर उघडीच. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. पंपाच्या लाइनीला २५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज चालेल, तो ३२ व्होल्ट डीसीचा असतो, सुरुवातीचा धक्का सहन करतो आणि ६ स्क्वेअरची वायर वाचवतो. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली की हजारांत अँपिअर देऊ शकते, आणि साध्या ब्लेड फ्यूजची तोडायची ताकद १००० अँपिअरची. त्यामुळे बॅटरीच्या तोंडाशी एक मुख्य फ्यूज क्लास टी किंवा डीसीचा एचआरसी (मोठा शॉर्ट करंट तोडू शकणारा) घ्या, ब्लेड त्याच्या पुढे. व्हॉल्व्हच्या लाइनीला स्वतंत्र ३ अँपिअरचा. डीसी एमसीबी घेतलात तर त्यावरची + − ची खूण बघून लावा, बरेचसे एकाच दिशेला ठिणगी नीट विझवतात.

खटका

आणि फ्यूज एसएसआरला वाचवेल अशी आशा धरू नका. शॉर्टमध्ये मॉसफेट आधी जातो, फ्यूज नंतर. एक डीडी सुटा आणून ठेवा, डायोड तपासणी करूनच.

ठिबकवाला

कळलं. क्लास टी शोधतो. मुख्य फ्यूज किती अँपिअरचा ठेवू? बॅटरीवर या पॅनलशिवाय काही नाही.

पॅनलवाली

बीएमएसच्या पाटीवर सततचा डिस्चार्ज करंट असतो तो बघा. १०० चा असेल तरी तुमचं एकूण काम १५ अँपिअरच्या आत आहे. ६० चा पुरे. मात्र मुख्य फ्यूज ते ब्लेड फ्यूज हा तुकडा १६ स्क्वेअर एमएमचा घ्या, नाहीतर ६० च्या फ्यूजमागे ६ ची वायर आधी जळेल.